१०४ नगांची तपासणी: ‘हिट्सव्हिल यूएसए’ हा सीडी-संच

बेळगावच्या उद्यमबागेतील एका ओतकाम कारखान्यात मी ३१ वर्षे तपासणी विभागात काढली. घासूनपुसून समोर आलेला नग गेजला, म्हणजे मापाच्या साच्याला, बसतो की नाही हे पाहायचे, बसला तर पुढच्या पाळीकडे पाठवायचा आणि नाही बसला तर त्यावर लाल रंगाचा पट्टा ओढून परत भट्टीत टाकायचा, या एकाच कामात उमेदीचा काळ गेला. त्याच वर्षांत संध्याकाळी घरी येऊन वडगावच्या आमच्या मंडळाच्या मेळ्यासाठी पदे लिहिली, चाली लावल्या आणि त्यांतली बहुतेक पदे दुसऱ्या वर्षी कोणाच्या लक्षातही राहिली नाहीत. ही दोन्ही कामे मी एकमेकांपासून अगदी वेगळी मानत आलो होतो. मोटारीच्या कारखान्यात राबलेल्या, गाणी लिहिणाऱ्या आणि पुढे स्वतःची ध्वनिमुद्रण कंपनी काढणाऱ्या बेरी गॉर्डी यांच्या कारकिर्दीची ओळख करून देणारा हा संच चार महिने ऐकल्यानंतर ती समजूत राहिलेली नाही, आणि म्हणूनच संगीताचा कसलाही अधिकार नसताना हे परीक्षण लिहीत आहे.

संचाचे पूर्ण नाव ‘हिट्सव्हिल यूएसए: द मोटाऊन सिंगल्स कलेक्शन १९५९–१९७१’ असे आहे. तो १९९२ मध्ये बाजारात आला. चार सीडी, त्यांवर एकूण १०४ गाणी आणि सोबत एक पुस्तिका असे त्याचे स्वरूप आहे. मोटाऊन ही अमेरिकेतील डेट्रॉइट शहरातली कंपनी. मोटारींच्या कारखान्यांचे गाव म्हणून त्या शहराला मिळालेल्या टोपणनावावरून कंपनीचे नाव पडले. सिंगल म्हणजे एका बाजूला एक गाणे असलेली, मिनिटाला ४५ फेरे घेणारी छोटी तबकडी. संचात ही गाणी काळाच्या क्रमाने लावलेली आहेत, आणि माझ्या मते त्याचा सगळा अर्थ या क्रमात आहे. मी तो जुन्या सीडी विकणाऱ्या एका माणसाकडून टपालखर्चासह २,६०० रुपयांना घेतला. माल ‘नव्यासारखा’ असल्याचे त्याने कळवले होते. पहिल्या तीन सीडी खरोखरच तशा निघाल्या. चौथीबद्दल शेवटी सांगतो.

या संचाची पहिली उणीव अशी की, गॉर्डी यांच्या कारकिर्दीचा जो भाग समजल्याशिवाय पुढचे काही नीट कळत नाही, तो यात नाही. त्याला संपादकांचा नाइलाज आहे, कारण तेव्हाची त्यांची गाणी दुसऱ्या कंपनीची. गॉर्डी यांचा जन्म डेट्रॉइटमध्ये २८ नोव्हेंबर १९२९ रोजी झाला. आठ भावंडांतले ते सातवे. शाळा अर्धवट सोडून त्यांनी मुष्टियुद्धात नशीब आजमावले, मग सक्तीच्या लष्करी भरतीत कोरियाला जाऊन आले आणि परतल्यावर तबकड्यांचे दुकान काढले. दुकानात जॅझ ठेवले, कारण त्यांना स्वतःला जॅझ आवडे. गिऱ्हाईक मात्र ब्लूज मागत येई आणि रिकाम्या हाताने परत जाई. दुकान बुडाले. गणपत गल्लीत ज्याने चार दिवस दुकान चालवले असेल त्याला यात नवीन काही वाटणार नाही. त्यानंतर त्यांनी लिंकन-मर्क्युरी मोटारींच्या कारखान्यात आठवड्याला सुमारे ८६ डॉलरांवर नोकरी धरली, आणि समोरून सरकणाऱ्या गाड्यांवर तेच ते काम करीत असताना डोक्यात गाणी रचायला सुरुवात केली. नुसता लोखंडी सांगाडा लाइनीच्या एका टोकाला येतो आणि दुसऱ्या टोकाहून चकचकीत गाडी बाहेर पडते, हे त्यांनी तिथे रोज पाहिले. रस्त्यावरच्या पोराबाबतही असेच का होऊ नये, हा विचार तिथेच सुचल्याचे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे.

१९५७ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. त्याच वर्षी बहीण ग्वेन आणि बिली डेव्हिस यांच्या साथीने लिहिलेले ‘रीट पेटीट’ हे गाणे जॅकी विल्सन यांनी गायले, आणि पुढच्या वर्षी ‘लोनली टिअरड्रॉप्स’ने तर मोठी बाजी मारली. म्हणजे गीतकार म्हणून नाव झाले होते; हातात पैसा मात्र फारसा येत नव्हता. एका गाण्याच्या निर्मितीबद्दल त्यांना मिळालेल्या धनादेशावरची रक्कम ३ डॉलर १९ सेंट होती. तो पाहून तरुण मित्र स्मोकी रॉबिन्सन यांनी, एवढ्यावर भागवायचे असेल तर मग स्वतःचीच कंपनी काढलेली काय वाईट, असा सल्ला दिला. गॉर्डी कुटुंबात दरमहा प्रत्येकाने १० डॉलर टाकण्याची पद्धत होती; आपल्याकडची भिशी डोळ्यांसमोर आणली तर फारशी चूक होणार नाही. त्या निधीतून जानेवारी १९५९ मध्ये त्यांना ८०० डॉलरांचे कर्ज मिळाले. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड या रस्त्यावर २६४८ क्रमांकाचे, पूर्वी छायाचित्रकाराचा स्टुडिओ असलेले घर त्यांनी घेतले, वर राहिले, खाली ध्वनिमुद्रण सुरू केले आणि दर्शनी भागावर ‘हिट्सव्हिल यूएसए’ अशी पाटी लावली. संचाचे नाव त्या पाटीवरून आले आहे. कंपनी नुकती कुठे सुरू होत असताना अशी पाटी लावणाऱ्या माणसाला आमच्या गल्लीत काय म्हटले असते ते लिहिण्यासारखे नाही.

पहिल्या सीडीवरच्या सुरुवातीच्या गाण्यांत बॅरेट स्ट्राँग यांचे १९५९ चे ‘मनी’ आहे, आणि गीतकार गॉर्डी यांचा कस पाहायचा तर तो इथे. मला पैसा हवा, बाकी सगळे राहू द्या, एवढाच त्याचा आशय. खडबडीत पियानो, आरडाओरडा, ओतकामाच्या भाषेत सांगायचे तर वाळू अजून पुरती झाडलेली नाही असा नग. तरीही तो गेजला बसतो, कारण मागणी करणाऱ्याच्या आवाजात लाज नाही. गीतकार म्हणून गॉर्डी आणि जेनी ब्रॅडफर्ड यांची नावे लागतात. आपणही हे गाणे रचण्यात सहभागी होतो, असा दावा स्ट्राँग यांनी आयुष्यभर केला. सरकारी नोंदीत सुरुवातीला त्यांचे नाव होते, नंतर ते काढले गेले, १९८७ मध्ये पुन्हा घातले गेले आणि लगेच पुन्हा खोडले गेले. पैशाविषयीच्या गाण्याच्या बाबतीत हे घडावे हा योगायोग म्हणून सोडून देता आला असता, पण नावाचा प्रश्न या संपूर्ण संचात पुन्हा पुन्हा वर येतो.

पुढे ‘शॉप अराउंड’ आहे, स्मोकी रॉबिन्सन आणि त्यांच्या मिरॅकल्स या चमूचे. मी संचातले सर्वांत जास्त वेळा ऐकलेले गाणे हे. आपण ऐकतो ती त्याची दुसरी आवृत्ती आहे. पहिली तबकडी १९६० मध्ये बाजारात गेलेली होती. ती ऐकून गॉर्डी यांची झोप उडाली, त्यांनी पहाटे ३ च्या सुमारास रॉबिन्सन यांना फोन करून सगळ्यांना स्टुडिओत बोलावले, गाण्याची लय वाढवली आणि पियानोवादक आला नाही म्हणून स्वतः पियानोवर बसले. हे गाणे दहा लाखांहून अधिक खपले आणि कंपनी उभी राहिली. गोदामातून गेलेला माल परत बोलावून दुरुस्त करणे म्हणजे काय असते, त्यासाठी मालकाशी किती भांडावे लागते, हे मला ठाऊक आहे. इथे मालकच पहाटे उठून तो परत बोलावत होता.

गॉर्डी यांनी कंपनीत ‘क्वालिटी कंट्रोल’ नावाचा विभागच काढला. ते नाव त्यांनी मोटारीच्या कारखान्यातून उचलले होते. दर शुक्रवारी सकाळी बैठक होई, उशिरा येणाऱ्याला दार बंद असे, आठवड्यातली नवी गाणी वाजवली जात आणि मतदान होई. गॉर्डी विचारीत तो प्रश्न साधा होता: खिशात शेवटचा एक डॉलर आहे आणि पोटात भूक आहे, तर ही तबकडी घ्याल की सँडविच? गाणे ‘चांगले’ आहे का, असे विचारले की माणूस शिष्टाचाराने मान हलवतो. भुकेशी तुलना केली की मान हलवणे अवघड होते. आमच्या मेळ्याच्या तालमीत कोणी असा प्रश्न विचारला असता, तर माझी निम्मी पदे मंडपापर्यंत पोहोचली नसती, आणि ते बरेच झाले असते. गॉर्डी स्वतः गीतकार असूनही त्यांची खरी प्रतिभा मला त्यांच्या लेखणीपेक्षा या चाळणीत दिसते. लिहिणारे त्यांच्याहून सरस लोक त्यांच्याच इमारतीत होते. आपले गाणे आणि दुसऱ्याचे गाणे एकाच गेजने मोजणारा मात्र विरळा.

तिथले तंत्रज्ञ मुद्रण झालेले गाणे मोटारीतल्या रेडिओसारख्या छोट्या, किरकिऱ्या स्पीकरवर मुद्दाम वाजवून पाहत, कारण गिऱ्हाईक ते गाडीतच ऐकणार होते. ही गोष्ट मला आधी माहीत होती, म्हणून मी संच तीन ठिकाणी तपासला. टिळकवाडीतल्या एका स्नेह्यांकडे मोठे ध्वनिसंच आहेत. तिथे ही गाणी काहीशी चपटी आणि दाटीवाटीची वाटली. गाणी बहुतांशी मूळ मोनो स्वरूपात आहेत, त्यामुळे डावे-उजवे असा आवाजाचा पसारा नाही. घरच्या जुन्या टेप-सीडी प्लेअरवर ती बरी वाजली. पुतण्याच्या गाडीत, खानापूर रस्त्यावर, खिडक्या उघड्या आणि बाजूने ट्रक जात असताना मात्र त्यांतला प्रत्येक टाळ, प्रत्येक टाळी आणि गायिकेचा प्रत्येक शब्द सुटा ऐकू आला. ज्या जागेसाठी नग बनवला त्या जागी तो चपखल बसला. महागडा ध्वनिसंच असणाऱ्यांनी या संचाकडून त्याची शोभा वाढवण्याची अपेक्षा ठेवू नये.

दुसरी आणि तिसरी सीडी हा कारखाना पूर्ण वेगात चालू असतानाचा काळ. होलंड, डोझियर आणि होलंड या तिघांनी लिहिलेली गाणी, सुप्रीम्स या तीन मुलींच्या चमूची १९६४ आणि १९६५ मध्ये लागोपाठ पहिल्या क्रमांकावर गेलेली पाच गाणी, टेम्प्टेशन्स, फोर टॉप्स, मार्व्हिन गे, कोवळ्या वयातला स्टीव्ही वंडर. सुप्रीम्सना त्याआधी कंपनीतच ‘एकही न गाजलेल्या मुली’ म्हणून चिडवले जाई, हे ध्यानात ठेवून ती गाणी ऐकावीत. याच काळात कंपनीत चालण्याबोलण्याचे धडे द्यायला मॅक्सिन पॉवेल आणि नृत्य बसवायला चॉली ॲटकिन्स होते. सांगाडा ते गाडी ही कल्पना शब्दशः अमलात आली होती.

तिसऱ्या सीडीच्या मध्यावर मात्र मला थकवा आला, आणि तो मी लपवणार नाही. तोच ठेका, तशीच सुरुवात, तशीच अडीच-तीन मिनिटे. लागोपाठ दहा गाणी ऐकली की कोणते कोणाचे हे सांगता येत नाही. एकसारखेपणा हा कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव नगांत, गुण असतो. गाण्यात तो एका मर्यादेपर्यंतच गुण राहतो. ही गाणी त्या काळी आठवड्याला एखाद-दुसरे अशी रेडिओवर भेटत होती, सव्वीस-सव्वीसच्या लाटेने नव्हे. त्यामुळे एका बैठकीत सहा-सात गाण्यांहून जास्त ऐकू नयेत.

रविवारी संध्याकाळी आम्ही चौघे-पाच जण जमतो. त्यांत खासबागचे एक विणकर आहेत. मागांच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे त्यांना इंग्रजी शब्दांशी देणेघेणे नाही आणि गाण्याच्या खालच्या थरातले बरोबर ऐकू येते. तिसऱ्या सीडीवर त्यांनी हात वर करून मला थांबवले आणि विचारले, “मामा, ह्यो खालनं वाजवायलाय त्यो कोण? ह्येच्यावरच तर सगळं उभं हाय की.” ते वाजवणारे जेम्स जेमर्सन. बेस गिटारच्या तारा ते उजव्या हाताच्या एकाच बोटाने छेडीत, आणि त्या बोटावर साठच्या दशकातली यांतली बहुतेक गाणी तोलून धरलेली आहेत. ते, ड्रमवादक बेनी बेंजामिन, पियानोवर अर्ल व्हॅन डाइक आणि इतर मिळून ‘फंक ब्रदर्स’ म्हणून ओळखले जात. पण हे नाव तेव्हाच्या ऐकणाऱ्यांना माहीत नव्हते. मोटाऊनच्या तबकड्यांवर वादकांची नावे छापली जात नसत. ती प्रथम छापली गेली १९७१ मध्ये, मार्व्हिन गे यांच्या एका लाँगप्लेवर. आपल्याकडच्या भावगीतांच्या आणि सिनेमाच्या तबकड्यांवरही कवी, संगीतकार, गायक यांची नावे असत आणि व्हायोलिन, बासरी वाजवणारा निनावी राही, तेव्हा एकट्या गॉर्डी यांना दोष देता येत नाही. पण आमच्या कारखान्यात प्रत्येक नगावर हीट नंबर ठोकलेला असे. दहा वर्षांनी तो नग कुठे सापडला तरी कोणत्या दिवशीच्या, कोणत्या भट्टीतल्या रसाचा, हे नोंदवहीत काढता येई. गुणवत्तेची एवढी चाड असलेल्या माणसाने कारखान्यातून चाळणी आणली आणि हीट नंबर आणायचा राहिला, हे मला खटकते.

नावांबाबतची ही सावधगिरी पुढे धोरणच बनली. मानधनाच्या हिशेबावरून होलंड-डोझियर-होलंड १९६७-६८ च्या सुमारास बाहेर पडले, दावे-प्रतिदावे झाले. सुप्रीम्सना गाणी हवी होती, तेव्हा गॉर्डी यांनी काही गीतकारांना हाताशी धरून १९६८ चे ‘लव्ह चाइल्ड’ घडवून आणले. पाठोपाठ जॅक्सन फाइव्ह ही पाच भावांची चमू आली, आणि तिच्यासाठी गॉर्डी स्वतः तीन सहकाऱ्यांसह पुन्हा लिहायला बसले. त्या चौघांची नावे तबकडीवर न देता ‘द कॉर्पोरेशन’ असा एकच शिक्का मारला गेला. कोणी एक गीतकार पुन्हा एवढा मोठा होऊ नये की त्याच्या जाण्याने कारखाना थांबेल, हा त्यामागचा हिशेब. चौथ्या सीडीवरची ‘आय वाँट यू बॅक’ आणि ‘एबीसी’ ही गाणी त्या शिक्क्याची. गीतकार गॉर्डी यांचे काम म्हणून पाहिले तर ‘मनी’पासून इथपर्यंतचा प्रवास थक्क करणारा आहे, सगळी वाळू झाडलेली, एकही कंगोरा नाही, आणि तरी जिवंत. ते नावाशिवाय मिळावे याचे वाईट वाटते, पण इथे स्वतःचे नावही त्यांनी झाकलेच, हेही नोंदवले पाहिजे.

त्याच चौथ्या सीडीवर ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ आहे. मार्व्हिन गे यांनी १९७० मध्ये ते करून आणले तेव्हा गॉर्डी यांनी लाल पट्टा ओढला. युद्ध, पोलिसांची लाठी, भावाभावांतली मारामारी हे विषय आणि पसरट, जॅझच्या अंगाने जाणारी चाल. त्यांच्या दृष्टीने हा खपणारा माल नव्हता. ज्याचे जॅझचे दुकान बुडाले होते त्याने ही भीती बाळगावी हे मी समजू शकतो. जानेवारी १९७१ मध्ये ते त्यांच्या माघारी विक्री विभागातल्या माणसांनी बाजारात आणले, हातोहात खपले, आणि मग गॉर्डी यांनी संपूर्ण लाँगप्लेची मागणी केली. शंभरएक गाणी त्या एका गेजने तपासलेली ऐकून झाल्यावर जेव्हा हे गाणे सुरू होते, मागे माणसांच्या गप्पा ऐकू येतात, सॅक्सोफोन सैलपणे आत येतो, तेव्हा लाइनीबाहेरचा नग म्हणजे काय ते कानाला कळते. सुटे ऐकून हा परिणाम होत नाही. तो मोटारीत, रेडिओवर, इंटरनेटवरच्या निवडक गाण्यांच्या यादीतही होत नाही. क्रमाने लावलेल्या संचाला पैसे मोजायचे असतील तर ते या क्षणासाठी. मीही असे किती नग परत भट्टीत टाकले असतील, हा प्रश्न त्या रात्री बराच वेळ पडला होता. कास्टिंगच्या बाबतीत उत्तर सोपे आहे, माप म्हणजे माप. पदांच्या बाबतीत नाही.

१९७१ नंतरचे या संचात काहीच नाही. १९७२ मध्ये कंपनीने डेट्रॉइट सोडून लॉस एंजेलिस गाठले, गॉर्डी चित्रपटांकडे वळले आणि १९८८ मध्ये त्यांनी मोटाऊन ६.१ कोटी डॉलरांना विकून टाकली. गाण्यांच्या हक्कांची जोबेट ही कंपनी मात्र, मुलांच्या नावांतली अक्षरे जोडून जिचे नाव ठेवले होते ती, त्यांनी तेव्हा विकली नाही. १९९७ मध्ये तिचा केवळ निम्मा हिस्सा १३.२ कोटी डॉलरांना गेला. सगळ्या कारखान्याला मिळाले त्याच्या दुपटीहून अधिक पैसे निम्म्या गाण्यांच्या कागदांना मिळाले, यावरून ३ डॉलर १९ सेंटांचा तो धनादेश ते विसरले नव्हते असे दिसते. कारकिर्दीचा हा उत्तरार्ध ऐकायचा तर वेगळे संग्रह घ्यावे लागतील. मला त्याची निकड वाटली नाही.

इंग्रजीचा सराव नसलेल्या वाचकांनी बिचकू नये. शब्द सोपे आहेत, वाक्ये छोटी आहेत, आणि आमच्या बैठकीतल्या चौघांपैकी दोघांना तर तेही लागत नाहीत. पुस्तिकेसाठी मात्र मला भिंग लागले. नवा संच आता सहज मिळत नाही. जुना घेताना विकणाऱ्याकडून चारही सीडींच्या खालच्या बाजूचे फोटो मागवून घ्यावेत, मी ते केले नाही. माझ्या चौथ्या सीडीवर बाहेरच्या कडेला नखाएवढा ओरखडा आहे आणि शेवटची दोन गाणी अडखळतात. विकणाऱ्याला कळवले, त्याचे उत्तर आले नाही. ३१ वर्षे दुसऱ्यांचा माल तपासला, आणि स्वतःसाठी आलेले पाकीट मात्र सही करून न उघडताच कपाटात ठेवले. ती चूक माझी. तेवढी एक सीडी सुटी कोणाकडे असेल, तर मला ती हवी आहे.